गणितशिरोमणी महावीराचार्य आणि विद्यार्थ्यांचे बीजगणित

भारतीय गणिताच्या इतिहासात आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या पंक्तीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते महावीराचार्य जैन परंपरेचे भूषण होत. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राजवटीत ते होऊन गेले. सम्राटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. ठाणे परिसरही त्या काळी याच साम्राज्याच्या छत्राखाली होता. उत्तर कोकणचे शिलाहार हे अमोघवर्षांचे मांडलिक होते व कान्हेरी लेण्यांतील शिलालेख त्याची साक्ष देतात.

आचार्यांनी स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही. त्यांचा ग्रंथ हेच त्यांचे चरित्र. इ. स. 850 च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात नऊ प्रकरणे व हजाराहून अधिक श्लोक आहेत. आर्यभट व ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित ग्रहगणिताच्या सोबतीने येते. महावीराचार्यांनी मात्र संपूर्ण ग्रंथ गणितालाच वाहिला. प्रारंभी भगवान महावीरांना वंदन करून त्यांनी व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या, व्याकरण अशा सर्व क्षेत्रांत गणिताची आवश्यकता प्रतिपादन केली आहे.

हा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी होता, हे त्यातील उदाहरणांवरून ध्यानी येते. तीन व्यापारी वाटेने जात असता त्यांना पैशांची थैली पडलेली दिसते. थैली मिळाल्यास पहिल्याचे धन इतर दोघांच्या एकूण धनाच्या दुप्पट होईल, दुसऱ्याचे तिप्पट आणि तिसऱ्याचे पाचपट. तर थैलीत किती व प्रत्येकाजवळ किती? थैलीत 15 आणि व्यापाऱ्यांजवळ अनुक्रमे 1, 3 व 5 असे घेतले की तिन्ही अटी पूर्ण होतात. अज्ञात राशी चार आणि अटी तीन; म्हणून याच प्रमाणात इतरही उत्तरे निघतात, हे विद्यार्थ्याच्या आपोआप लक्षात येते.

दुसरे उदाहरण उंटांच्या कळपाचे. कळपाचा चौथा भाग वनात दिसला, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट डोंगरउतारावर गेली आणि 15 उंट नदीकाठी राहिले. वर्गमूळ ‘य’ मानले तर 3य² − 8य − 60 = 0 हे वर्गसमीकरण मिळते. त्याची एक उकल 6, दुसरी ऋण. वर्गमूळ ऋण घेता येत नाही. म्हणून 6 स्वीकारायचे व कळप 36 उंटांचा. पडताळा पाहू जाता 9, 12 आणि 15 मिळून 36 होतात. समीकरण सोडविणे हे अर्धे काम. मिळालेले उत्तर प्रश्नात बसते की नाही हे पारखणे हे उरलेले अर्धे. वर्गसमीकरणास दोन उकली असू शकतात, हे आचार्यांना ठाऊक होते.

सहा रसांपासून किती प्रकारची मिश्रणे होतील, या प्रश्नासाठी त्यांनी निवडीचे सर्वसाधारण सूत्र दिले. एकेक रस घेऊन 6, दोन-दोन घेऊन 15, तीन-तीन घेऊन 20, याप्रमाणे एकूण 63. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. अशा वर्गमुळांना गणितात स्थान देण्याचा मार्ग युरोपात सोळाव्या शतकात दिसू लागला.

तथापि, आचार्यांची एक चूकही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे त्यांनी लिहिले. ते बरोबर नव्हते. पुढे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास अशा राशीचा वेगळा विचार मांडला. यामुळे आचार्यांची थोरवी उणावत नाही. थोरांचे वचनही पारखून घ्यावे, हाच धडा यातून विद्यार्थ्याला मिळतो.

या ग्रंथाचा प्रभाव दक्षिणेत दीर्घकाळ टिकला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी तो तेलुगूत आणला. 1912 साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी अनुवादासह आणि 1963 साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात 2018 साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकात रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही सहा प्रकरणे आहेत. यांतील समीकरणे, श्रेढी, व्याज व व्यापार यांची बीजे ‘गणितसारसंग्रहा’त आढळतात. परीक्षेच्या गुणांसाठी सूत्र पाठ करणारा विद्यार्थी ते निकालानंतर विसरतो. व्यवहारातील हकीकत समीकरणात मांडणारा, उत्तर तपासणारा आणि चूक निघाल्यास ती मान्य करणारा विद्यार्थी मात्र दुकानात, कारखान्यात वा प्रयोगशाळेत कोठेही कमी पडत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील घराघरांतून अशी मुले-मुली घडावीत. महावीराचार्यांचे तेच खरे स्मरण होय.