चांदीवरच्या खुणा वाचणारे पंडित

जुन्या इंग्रजी चांदीच्या भांड्यांवर बारीक ठसे आढळतात. चालता सिंह धातूची शुद्धता सांगतो, एक अक्षर वर्ष दाखवते आणि आद्याक्षरे घडविणाऱ्या कारागिराची ओळख देतात. पश्चिम भारतातील क्षत्रप राजांच्या नखाएवढ्या चांदीच्या नाण्यांवरही अशाच खुणा आहेत: एका बाजूस राजाच्या मस्तकामागे शकवर्ष, दुसऱ्या बाजूस त्याचे आणि त्याच्या पित्याचे नाव. या खुणा जुळवून हरवलेली वंशावळ उभी करणारे विद्वान म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी.

त्यांचा जन्म १८३९ मध्ये जुनागढ येथे झाला. गिरनारच्या शिलालेखांच्या सान्निध्यात बालपणीच त्यांना ब्राह्मी लिपीची गोडी लागली. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यांच्यासाठी भगवानलालांनी देशभर भटकून शिलालेखांचे ठसे घेतले. इंग्रजी बेताचेच असल्याने ते गुजरातीत लिहीत. ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्यांचे लेखन इंग्रजीत आणीत.

प्राचीन कल्याण बंदराकडून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरील नाणेघाटातील लेखांच्या आधारे त्यांनी प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा केला. एका अंकाचे मोल किती, हे कल्याणशेजारच्या अंबरनाथने दाखवून दिले. तेथील शिवमंदिराच्या लेखातील वर्ष भाऊ दाजींनी शके ७८२ असे वाचले होते. भगवानलालांनी ते शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचे ठरविले. हा लेख शिलाहार राजा माम्वाणीचा असून त्याचा बंधू छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. त्यामुळे दुसरे वाचनच इतिहासाशी जुळते. आश्रयदात्याविषयीचा आदर त्यांनी सत्याच्या आड येऊ दिला नाही. मंदिराचे वय दोनशे वर्षांनी घटले, परंतु ते खरे ठरले.

१८८२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे त्यांनी स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि त्यात चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक करंडक निघाले. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. त्या इवल्याशा नाण्याने स्तूपाच्या कालनिर्णयाला आधार दिला. त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्यांना मिळाला.

लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. क्षत्रप नाण्यांवरील त्यांचा प्रबंध रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जमविलेली नाणी त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. अंबरनाथच्या मंदिराचे वय मात्र आजही त्यांनी वाचलेल्या आकड्यानेच मोजले जाते.