ऊन शोधत टँजियरला गेला आणि पंधरा दिवस पावसानं हॉटेलात अडकला, तरी मातीसनं इतिहास घडवलाच

स्पेनच्या दक्षिण टोकावरून समोर बघितलं की आफ्रिका दिसते. मध्ये फक्त जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर. पलीकडे मोरोक्कोचं टँजियर बंदर. १८३२ मध्ये फ्रेंच चित्रकार देलाक्रॉ इथं येऊन गेला आणि पुढच्या कित्येक कलाकारांना या शहराचं वेड लागलं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे आन्री मातीस.

गंमत म्हणजे हा गडी चित्रकार होणारच नव्हता.

३१ डिसेंबर १८६९ ला उत्तर फ्रान्समध्ये त्याचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. पोरानं कायदा शिकला, वकिलाच्या ऑफिसात कारकुनीही केली. विशीत अपेंडिक्सच्या दुखण्यानं अंथरुणावर पडला, तेव्हा वेळ जावा म्हणून आईनं रंगांची पेटी आणून दिली. तिथून वकिली सुटली ती कायमचीच.

पैशांची मात्र बोंब होती. घर चालावं म्हणून बायको अमेलीनं टोप्यांचं दुकान टाकलं. १९०५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात मातीस आणि त्याच्या मित्रांचे भडक रंग बघून एका समीक्षकानं त्यांना थेट रानटी जनावरांची उपमा दिली. नाव तर झालं, पण काही वर्षांतच पिकासोच्या क्युबिझमची हवा आली आणि नव्या पोरांना मातीस जुना वाटू लागला.

मग टँजियरच का?

कारण मातीसला प्रकाश हवा होता. २९ जानेवारी १९१२ ला तो अमेलीसोबत बोटीनं तिथं उतरला. स्वागताला धो धो पाऊस. जवळपास पंधरा दिवस तो थांबायचं नावच घेईना. मातीस व्हिला द फ्रान्स हॉटेलच्या ३५ नंबरच्या खोलीत अडकला. करायचं काय? त्यानं खोलीतच आयरिसची फुलं फुलदाणीत ठेवून रंगवली. खिडकीतून दिसणारं चर्च आणि शहरही नंतर त्याच्या कॅनव्हासवर आलं, तेही निळ्या रंगात बुडालेलं. पाऊस थांबला तेव्हा सगळी जमीन हिरवीगार झाली होती.

त्याच दिवसांत मोरोक्कोचं नशीब मात्र फिरत होतं. ३० मार्च १९१२ ला फेझचा करार झाला आणि सुलतानाचा देश फ्रान्सच्या ताब्यात गेला. मातीसच्या चित्रांत याचा मागमूसही नाही.

दुसरी अडचण मॉडेलची. तिथल्या मुस्लीम बायका परक्या पुरुषासमोर चेहरा उघडा ठेवून बसणं शक्यच नव्हतं. जोरा नावाची एक मुलगी तयार झाली, पण तिच्या भावाचा विरोध होता आणि काम लपूनछपून करावं लागलं. ऑक्टोबर १९१२ मध्ये मातीस पुन्हा आला, तेव्हा ती त्याला वेश्यावस्तीत सापडली. तिथल्या कामातून वेळ काढून ती चित्रासाठी बसायची. गच्चीवर गुडघे टेकून बसलेल्या जोराचं शांत चित्र बघताना यातलं काहीच कळत नाही.

याच फेरीत त्यानं मोरोक्कन कॅफेचं चित्र सुरू केलं. आधी तपशील भरले, मग एकेक पुसत गेला. शेवटी उरली चेहऱ्यावर नाक-डोळेही नसलेली माणसं, एक फूल आणि माशांचं भांडं. कमी करत जाण्याची ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

फेब्रुवारी १९१३ मध्ये तो परतला. रशियन व्यापारी मोरोझोव्ह आणि श्चुकिन यांनी यातली महत्त्वाची चित्रं विकत घेतली. पण १९१७ ची क्रांती झाली आणि दोघांचेही संग्रह सरकारजमा झाले. स्टॅलिनच्या काळात ही चित्रं कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआड होती. आज जोरा मॉस्कोत आहे आणि कॅफे सेंट पीटर्सबर्गमध्ये.

मातीस पुन्हा टँजियरला गेला नाही. १९४१ मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं आणि उभं राहून रंगवणं अवघड झालं. मग म्हाताऱ्यानं कात्री उचलली आणि रंगवलेले कागद कापून चित्रं बनवली. ३ नोव्हेंबर १९५४ ला नीसमध्ये तो गेला.

पावसाला वैतागून तो पहिल्याच आठवड्यात परत फिरला असता, तर यातलं एकही चित्र झालं नसतं.