रेव्हरंड टिळक : घडत राहिलेला पाळक

(एस. वाय. बी. ए.)

शाळेच्या पुस्तकातून ना. वा. टिळक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. 'फुलामुलांचे कवी' एवढीच त्यांची ओळख घेऊन मीही कॉलेजात आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईवडील दोघेही शेतमजूर. त्यामुळे एखाद्या थोर माणसाचे चरित्र आपल्या घरातल्या अडचणीवर काही सांगू शकेल, असे मला कधी वाटले नव्हते. या वर्षी मात्र तसे घडले, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीचा पाळक झाला. ज्या मित्रांना हे शब्द परके असतील त्यांच्यासाठी सांगतो. मंडळी म्हणजे त्या त्या गावच्या ख्रिस्ती भाविकांचा समुदाय आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू. दादा दहावीनंतर काही वर्षे मजुरी करून मग प्रशिक्षणाच्या वर्गाला गेला होता. तिथून तो मोठ्या उमेदीने गावात गेला आणि तीन महिन्यांत खचला. फोनवर तो सांगू लागला की, उपदेश रात्र-रात्र जागून लिहितो, पण लोक जांभया देतात. एका म्हातारीने तर उपासना संपल्यावर त्याच्या डोक्यावरून हात फिरवून सांगितले की, बाळा, तू बोललास फार छान, पण मला त्यातले काही कळले नाही. वहिनींना ते गाव मानवले नाही, त्या माहेरी गेल्या. दादाच्या मनात काम सोडण्याचे येऊ लागले. त्याला काय सांगावे ते मला सुचेना. त्याच सुमारास लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचनालयातून मी घरी नेले होते. वाचता वाचता कवी टिळक बाजूला राहिले आणि पाळक टिळक माझ्यापुढे उभे राहिले. दादाच्या परवानगीने त्यांच्याविषयी येथे लिहितो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई भाविक व प्रेमळ, वडील कडक. आई लहानपणीच गेली आणि नारायणाचे घरावरचे मन उडाले. तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाने त्याला संस्कृत शिकवले. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. १८८०च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतरची वर्षे भटकंतीची होती. कुठे शिक्षकी, कुठे कीर्तन-पुराण, तर कुठे ग्रंथसंपादन असे चालले होते. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. बुद्धी अफाट, पण पाय एका जागी ठरत नसे आणि हातात पैसाही ठरत नसे.

१८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते विचित्रच वाटले. तरी पुस्तक त्यांनी वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. पुढे मुंबईचे मिशनरी रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते.

येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुखरी जागा येते. लक्ष्मीबाई तेव्हा दूर होत्या. त्यांना ही बातमी तिथेच कळली आणि त्यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे साडेचार वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यातला काही काळ लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरात काढला. ज्याला हजारो लोकांना प्रेमाचा धर्म सांगायचा होता, त्याचे स्वतःचे घर मोडले होते. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्याने हा भाग झाकून ठेवू नये, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंनी तो झाकलेला नाही.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनकडे आले. या मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि नगरला १८३१ पासून त्याचे केंद्र होते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेला. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या या लोकांमध्ये एक संस्कृत पंडित येऊन बसला. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक भावी पाळकांना व उपदेशकांना शिकवू लागले. ते शिकवीत होते, पण मला दिसते ते असे की, त्यांचे स्वतःचे शिकणेही इथेच सुरू झाले.

पहिला धडा होता घराचा. लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. नवऱ्याचा धर्म वेगळा आणि यांचा स्वयंपाक, पाणी, देव सारे वेगळे. टिळक स्वभावाने उतावीळ आणि तापट. एखादी गोष्ट मनात आली की ती आत्ताच झाली पाहिजे, असा त्यांचा खाक्या. अशा माणसाला इथे थांबावे लागले. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच उमगले. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जो उपदेश कुणालाही तासाभरात करता येतो, तो घरच्या माणसाला पटायला पाच वर्षे लागली. पाळकाची पहिली मंडळी त्याच्या घरातच असते आणि ती सर्वांत सावकाश चालते, असे मी यातून समजलो.

दुसरा धडा भाषेचा. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही विलायती होत्या. ओव्या, अभंग ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानाला ते खडे लागावेत तसे लागत असणार. टिळक लहानपणापासून तुकारामाच्या अभंगांवर पोसलेले. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे सांगत. त्यांनी अभंग, ओवी, भजन या घरच्या साच्यांत ख्रिस्ताची गीते लिहायला घेतली. शंभराहून अधिक गीते त्यांनी लिहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात ती आजही आहेत. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण दळण निवडताना ती जी गाणी गुणगुणायची त्यांतली कितीतरी टिळकांची होती, हे मला या वर्षी कळले. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी पाडली होती. टिळक त्या वाटेवरही चालले. मृदंग, टाळ आणि गोष्ट यांच्या साथीने सांगितलेली शिकवण न वाचता येणाऱ्यालाही घरी नेता येते. संस्कृतचा एवढा अभ्यास असलेला माणूस अशी सोपी रचना करतो, ती काही त्याला अवघड लिहिता येत नव्हते म्हणून नव्हे. समोर कोण बसले आहे हे त्याने आधी पाहिले होते.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. बाप्तिस्मा आणि दीक्षा यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. दादाला हा आकडा मी मुद्दाम सांगितला.

तिसरा धडा घराच्या दाराचा. टिळकांचे घर मोठे नव्हते आणि त्यात पैसाही नव्हता, पण ते कधी माणसांवाचून राहिले नाही. अनाथ मुले, विद्यार्थी, होतकरू कवी कुणीही यावे आणि राहावे. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. ही उदारता फुकट नव्हती. तिची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. खिशातले पैसे वाटेत कुणाला तरी देऊन टिळक मोकळे व्हायचे आणि चूल कशी पेटवायची हा प्रश्न बाईंपुढे राहायचा. टिळकांचा मोठेपणा सांगताना हेही सांगितले पाहिजे. नव्या पाळकाने त्यांचे उघडे दार जरूर घ्यावे, पण आत स्वयंपाकघरात कोण उभे आहे, तेही विचारावे.

१९१२पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. मान होता, नाव होते, ठरलेला पगार होता. तरी त्यांचे मन स्वस्थ नव्हते. परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतीवर उभी असलेली मंडळी या मातीत रुजणार कशी, हा प्रश्न त्यांना छळत होता. आपल्या देशाचे प्रेम आणि ख्रिस्ताचे प्रेम यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. उलट येथील ख्रिस्ती माणसाने येथल्याच रीतीने, स्वतःच्या पायांवर उभे राहून भक्ती करावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवून ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात जागा होती.

ज्या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात हा माणूस नवशिक्या पाळकासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत होता. यश किती मिळाले असे कुणी विचारील. काळ फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार वाढला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी नवऱ्याच्या धर्मापासून आपले पाणी वेगळे ठेवणाऱ्या बाईने त्याच्या श्रद्धेचे काव्य शेवटास न्यावे, यापेक्षा मोठी पावती कोणत्या पाळकाला मिळाली असेल? आणि ही पावती जोराने मागून मिळालेली नव्हती.

मी लहान आहे. पाळकाने कसे असावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. टिळकांच्या आयुष्यावरून मला एवढेच दिसले की, दीक्षा मिळाली म्हणजे पाळक तयार झाला असे होत नाही. तो तिथून पुढे घडू लागतो, आणि त्याला घडवणारी माणसे त्याच्यासमोर जमिनीवर बसलेली असतात. न समजलेल्या म्हातारीने खरे सांगितले, हे दादाचे भाग्यच म्हणायचे.

हे सारे मी दादाला एकदम सांगितले नाही. नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो तेव्हा 'स्मृतिचित्रे' सोबत नेले आणि ठेवून आलो. रविवारी उपासनेला त्याचा उपदेश नेहमीपेक्षा छोटा होता. त्यात एकही कागद नव्हता आणि दोन ठिकाणी तो अडखळला. म्हातारी पुढेच बसली होती. संध्याकाळी तो तिच्या ओट्यावर जाऊन बसला आणि तिला जुनी गाणी म्हणायला लावून वहीत उतरवून घेऊ लागला. दुसऱ्या दिवशी मला एस. टी.वर सोडायला आला तेव्हा त्याने सांगितले की, तो पुढच्या आठवड्यात वहिनींच्या माहेरी जाणार आहे. बोलावून आणायला का, असे मी विचारले. नाही म्हणाला, आधी तिचे काय म्हणणे आहे ते ऐकून घ्यायला.

पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. वाचनालयाचा दंड मी आनंदाने भरीत आहे.