अधांतरी कड्यावरचा साधक

संतचरित्राला देशाची हद्द नसते, म्हणून आज आपण ग्रीसला जाऊ या.

थेस्सली प्रांतात कलंबाका गावाच्या डोक्यावर दगडाचे सरळसोट सुळके उभे आहेत. त्यांना मेतेओरा म्हणतात, म्हणजे अधांतरी. १४व्या शतकात संत अथानासिओस इथे आले. मूळ नाव आंद्रोनिकोस. लहानपणीच आई-वडील गेले. १३१९ साली परक्या फौजेने गाव लुटलं, तेही सुटलं. पुढे अथोस पर्वतावर ग्रेगोरिओस हे गुरू भेटले, दीक्षा मिळाली. पण तिथेही समुद्री चाच्यांच्या धाडी सुरू झाल्या. गुरू-शिष्य निघाले ते थेट या सुळक्यांवर.

काही वर्षांनी गुरू परत गेले. शिष्य मात्र राहिला, कारण साधना गुरूंनीच दिलेली होती. सगळ्यात रुंद कड्यावर त्यांनी मठ उभारला. नियम एकच, कोणाचं काही स्वतःचं नाही, सगळं सगळ्यांचं. राजगादी सोडून आलेले योआसाफही त्यांचे शिष्य झाले, आणि गुरूंमागे मंदिर त्यांनी वाढवलं.

पूर्वी शिडी नाहीतर दोरीच्या जाळ्यात बसूनच वर जावं लागे. आता पायऱ्या आहेत, सहा मठ नांदते आहेत. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

गुरू जवळ नसतानाही आपला नेम टिकतो का, हे आपण प्रत्येकाने मनाला विचारू या. घरच्या मुलांनाही ही गोष्ट जरूर सांगावी. 🙏