सूरश्री केसरबाई केरकर

या वेळी सेवेत माझ्याकडे चरित्राचं पान आलं. घरात सकाळी जुनी भैरवी लागली होती, म्हणून केसरबाईंवरच लिहायचं ठरवलं.

फोंडा तालुक्यातलं केरी हे त्यांचं गाव. जन्म 13 जुलै 1892 चा, कलावंत घराण्यातला. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे नेलं, पण ते शिक्षण काही महिन्यांतच थांबलं. पुढे गोव्यात वझेबुवांची तालीम, तीही बुवा येतील तेव्हाच. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. प्रत्येक ठिकाणी थोडं मिळालं आणि सुटलं. मनासारखा गुरू मिळावा म्हणून मुलगी किती वर्षं वणवण करते पाहा!

1921 साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारलं. तेव्हा केसरबाई अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या. गात होत्या, लोक ऐकायला येत होते. आणि तरी पुन्हा पहिल्यापासून! आपल्यातल्या किती जणींना जमेल? मला तर नव्या सुनेने पोळी लाटायची वेगळी पद्धत सांगितली तरी राग येतो.

खाँसाहेबांची तालीम सोपी नव्हती. तरुणपणी अतिगाण्याने त्यांचा स्वतःचा आवाज बिघडला होता, आणि उरलेल्या आवाजाला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली होती. कष्ट म्हणजे काय हे ज्याला माहीत, तो शिष्याला सूट कशी देणार? रोज तासन् तास रियाज. खुला आकार, लांब दमसास, आणि तान अशी की मात्रेच्या आत मात्रा मोजत पुढे सरकते. एका रागात दुसरा गुंफलेला, नट कामोद, ललिता गौरी असले अवघड राग. एक स्वर इकडचा तिकडे झाला की राग मोडला. हे सगळं बंद दाराआड. गाणं स्वतःचं नाव होण्याइतकं पक्कं झालं, तरी खाँसाहेब 1946 साली जाईपर्यंत त्यांचं शिकणं सुटलं नाही.

मैफलीत मात्र यातलं काही दिसायचं नाही. ध्वनिमुद्रिका ऐका. श्वास कुठे घेतला ते शोधून सापडत नाही, चेहऱ्यावर ताण असेल असं वाटतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, देवाने गळाच दिला, त्यांना काय! (आमच्याकडेही पुरणपोळी मऊ झाली की म्हणतात, तुझ्या हाताला गुणच आहे. आदल्या रात्री डाळ निवडली ती कुणी पाहिली?)

बाई मानी होत्या, काहीशा कडकही. आपलं गाणं स्वस्त होऊ नये म्हणून ध्वनिमुद्रणं मोजकीच करू दिली. शिकवलंही फार थोडं. धोंडूताई कुलकर्णी या त्यांच्या शिष्या. 1948 साली कोलकात्यात त्यांना सूरश्री ही पदवी मिळाली, 1969 साली पद्मभूषण. थकल्यावर, आवाज घसरायच्या आधीच, त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या.

1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली. त्यांतल्या सोनेरी तबकडीवर जगभरचं निवडक संगीत आहे, आणि भारतातून घेतलेली एकच रचना आहे, केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटांची. दुसरं यान निघालं 5 सप्टेंबरला. 16 सप्टेंबरला बाई गेल्या.