गळ्याशी हत्यार नेणारा जर्राह : अबुल कासिम अल-जहरावी

दाढ ठणकू लागली की नांदेड-लातूरकडच्या घरांत आधी लवंग दाताखाली धरली जाते. रमजान असेल तर ईद झाल्यावर बघू म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, हे ठाऊक असूनही. बहुतेकदा निभावते. पण कधी किडक्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली उतरतो, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर ढकलली जाते आणि थुंकीही गिळवत नाही. मधुमेह असेल तर धोका आणखी मोठा. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. गळ्याच्या सुजेवर हत्यार कधी चालवावे आणि कधी हात आवरावा, हे मात्र त्यांच्या आठशे वर्षे आधी कुर्तुब्याच्या एका जर्राहाने लिहून ठेवले होते.

अबुल कासिम अल-जहरावी यांचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास, स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज्जहरा या राजनगरीतला. घराणे मदिनेच्या अन्सारांचे. दरबारी शायरांवर पाने खर्च करणाऱ्या चरित्रकारांनी या माणसाला मोजक्या ओळी दिल्या. तो भेटतो आपल्या ग्रंथातच. ‘अत्तसरीफ’ हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ इ.स. १००० च्या सुमारास पुरा झाला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत.

या भागाच्या सुरुवातीलाच एका बाईची हकिकत येते. तिच्या मानेवर गाठी आल्या होत्या. एका अडाणी वैद्याने त्या कापायला घेतल्या, मानेच्या रक्तवाहिन्याच तोडल्या, आणि बाई त्याच्यासमोर रक्त जाऊन मेली. जहरावींनी हे स्वतः पाहिले होते. शरीररचना न शिकता हत्यार धरणारा माणूस मारेकरीच ठरतो, हे त्यांनी शिष्यांना बजावले. शिष्यांना ते मुले म्हणत.

घसा तपासण्याची त्यांची रीत आजही ओळखीची वाटते. रोग्याला भर उन्हात बसवायचे, त्याचे डोके आपल्याच मांडीवर टेकवायचे, चांदीच्या किंवा पितळेच्या पातळ पट्टीने जीभ दाबायची. टॉन्सिल लाल आणि बुडाशी जाड असेल तर कापायचे नाही, रक्तस्रावाचे भय असते, पिकू द्यायचे. मोठ्या गळवातला पू एका दमात काढायचा नाही, नाहीतर रोगी गळून जातो. घाबरणाऱ्यांसाठी त्यांनी पाते लपवलेले एक हत्यारही बनवले होते. ही हळवी बाजू त्यांच्या ग्रंथात अधूनमधून दिसते.

श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी जुन्या ग्रंथांत वाचली होती, आपल्या मुलखात कोणी केलेली पाहिली नव्हती. मग एका दासीने सुरी घेऊन स्वतःच्याच गळ्यात खुपसली. जहरावींना बोलावणे गेले. तिच्या गळ्यातून घरघर येत होती, जखमेतून हवा बाहेर पडत होती, पण रक्त फारसे नव्हते. मोठ्या रक्तवाहिन्या वाचल्या होत्या. त्यांनी घाईने टाके घातले. ती बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. श्वासनलिका उघडण्यात वाटतो तेवढा धोका नाही, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. आज गळा सुजून श्वास कोंडला आणि तोंडावाटे नळी जात नसेल, तर डॉक्टर हाच मार्ग धरतात, मग पू काढतात आणि प्रतिजैविके देतात. या औषधांचा जहरावींच्या काळी मागमूस नव्हता.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत कुर्तुब्यात यादवी माजली. १०१० मध्ये मदीनतुज्जहरा लुटली गेली. १०१३ च्या सुमारास जहरावी वारले. ग्रंथ मात्र वाचला. बाराव्या शतकात टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला, १४९७ मध्ये तो व्हेनिसला छापला गेला. तुर्कस्तानात सबुंजुओग्लू यांनी १४६५ मध्ये त्याच्याच आधाराने तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला.