कोनानचा जनक

तलवार आणि जादूटोणा यांच्या साहसकथांचे आद्य शिल्पकार रॉबर्ट हॉवर्ड (१९०६-१९३६) टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या छोट्या गावात लिहीत असत. कुल राजाची एक कथा संपादकांनी नाकारली. तीच नव्याने लिहिताना कोनान जन्मला. डिसेंबर १९३२ च्या 'वीअर्ड टेल्स' मासिकातील त्या कथेत तो थेट राजाच आहे. त्याचे चोरीचे दिवस नंतर लिहिले गेले! मुष्टियोद्धे, जुगारी, चोरटी दारू विकणारे, तेलविहिरींवरचे दांडगे अशा पाहिलेल्या माणसांतूनच हा रानटी वीर घडला. आई मृत्युशय्येवर असताना तिसाव्या वर्षी हॉवर्ड यांनी जीवन संपवले. टेबलाभोवती बसून आपापले योद्धे रचण्याचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये निघाला, तेव्हा प्रस्तावनेत गॅरी गायगॅक्स यांनी कोनानकथांचा आवर्जून उल्लेख केला.